आतून कडी असलेलं कपाट

नवं स्वयंपाकघर मापण्याआधी मिस्त्री जुनं उघडून बघत असे. टेप खिशातच ठेवायचा. एकेक दार उघडायचा, बिजागरीवरून बोट फिरवायचा, फळीचा वास घ्यायचा आणि वहीत तीन रकाने पाडून खुणा करायचा: पाण्यानं गेलेलं, वाळवीनं गेलेलं, वापरानं झिजलेलं. घरातली माणसं कशी वागतात ते कळल्याशिवाय प्लाय किती जाड लावायचा ते ठरत नाही, असं त्याचं म्हणणं.

फोटोबाईंच्या ओट्याखाली नऊ दारं होती, म्हणजे असायला हवी होती. चार जागेवर होती. दोन भिंतीला टेकवून उभी केलेली, एक सुतळीनं बांधलेलं, आणि दोन नव्हतीच. मिस्त्री गुडघ्यावर बसून आत डोकावला आणि बराच वेळ त्यानं काही लिहिलं नाही.

"ओल फार आहे हो या भिंतीला," बाई म्हणाल्या.

"ओलीनं फळी खालून फुगते, ताई. हे वरून उपटलंय, स्क्रूसकट."

बाई चहा टाकायला वळल्या. मिस्त्रीनं वहीत चौथा रकाना पाडला. त्याला नाव दिलं नाही, नुसत्या खुणा केल्या. तीस वर्षं लोकांच्या घरात शिरून काम करणारा माणूस तो. जे दिसतं ते बोलत बसलं तर पुढच्या घरी कोणी बोलावत नाही, हे तो कधीच शिकला होता.

बाईंना फोटोबाई म्हणत, कारण एकतीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या खिडकीवर काढली होती. लोक विचारायचे, "फोटो इथेच काढतात ना?" तेव्हापासून तेच नाव पडलं. खिडकीवर एक फॉर्म भरायचा असे. नाव, वय, कुठला भाग, आणि शेवटी 'कसं झालं'. बाथरूममध्ये घसरले, हे सगळ्यात जास्त. त्याखालोखाल जिना. मग कपाटाचं दार लागलं. बाई मान वर न करता लिहून घेत. रांग मोठी असायची, आणि समोरच्या बाईच्या तोंडाकडे न बघणं हे सभ्यपणाचंही वाटायचं. चार वर्षांपूर्वी त्यांचं स्वतःचं मनगट मोडलं तेव्हा त्या दोन बस बदलून दुसऱ्या दवाखान्यात गेल्या. तिथे त्यांनी 'स्टुलावरून पडले' असं सांगितलं, कारण स्टूल फारसं कोणी सांगत नाही. खिडकीतल्या पोरीनं मान वर न करता लिहून घेतलं. चांगली तयार झालेली मुलगी होती.

मुलाला सगळी इमारत बाळ म्हणायची. वय एकतीस, उंची सहा फूट. गॅसची टाकी एका खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढायचा. वरच्या काकूंनी हाक मारली की त्यांचीही टाकी चढवायचा, वर त्यांच्याकडून चहा घेऊन त्यांना पोट धरून हसवून यायचा. काकू म्हणायच्या, असा मुलगा मिळायला नशीब लागतं. बाई हो म्हणायच्या, आणि ते पूर्ण खोटं नव्हतं. बाळ चांगला असला म्हणजे त्याच्यासारखा दुसरा नव्हता.

वडील साधे होते, आवाजसुद्धा चढवला नाही कधी. ते गेले तेव्हा बाळ वीस वर्षांचा. बाळची गोदामातली नोकरी गेली पाच वर्षांपूर्वी. आधी एक कप भिंतीवर फुटला. मग ताटं वाकली. मग दारं सुरू झाली. एकदा एक दार त्यानं नुसत्या हातांनी उपटून खिडकीतून खाली टाकलं आणि खालच्या माणसाला सांगितलं की काम चालू आहे. दारांवर भागेना तेव्हा बाईंची पाळी आली.

बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच व्हायचं, कारण बाई तिथेच सापडायच्या. त्या खोलीला वाट एकच, आणि त्या वाटेत तो उभा असायचा. बाथरूम बोळाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे त्याच्या पलीकडे. मुलगी दूरच्या गावी दिलेली. तिला सगळं माहीत होतं. ती प्रत्येक फोनला म्हणायची, आई, तू इकडे निघून ये. बाई म्हणायच्या, हप्ते मी फेडले, घर माझ्या नावावर आहे, मी कशाला येऊ? एवढं एकच त्यांना हवं होतं, आपल्या घरात मार न खाता राहायचं. ते कसं जमवायचं याचं उत्तर त्यांनी शोधलं होतं, आणि त्यासाठी निवृत्तीच्या पैशातून चार लाख बाजूला काढले होते.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री नमुन्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन आला. बाई चष्मा लावून बसल्या. दारांऐवजी ओढायच्या ट्रॉल्या घ्या, हल्ली सगळे घेतात, असं त्यानं सुचवलं. बाईंनी विचारलं, भरलेली ट्रॉली किती किलोची होते? दहा-बारा. ओढून बाहेर निघते? निघते की, धुवायला सोपी. मग नको. वरच्या कपाटांना काचेची दारं? नको. लांब स्टीलच्या मुठी? त्या दोन स्क्रूंवर असतात, काढल्या तर हातात दांडकं येतं. नको, फळीलाच खाच पाडा. ओट्याच्या दगडाची कड गोल करून हवी होती, मिस्त्रीच्या भाषेत हाफ राउंड, फुटामागे जास्तीचे पैसे. तीही फक्त समोरून नाही. कोपऱ्यांवरून आणि खालच्या बाजूनंसुद्धा.

मिस्त्री म्हणाला, खालून कोण बघतं?

बाई म्हणाल्या, असू दे, करा. जमिनीवरून उठताना डोकं नेमकं कुठे आपटतं ते त्यांना ठाऊक होतं.

"लोक रंग विचारतात, ताई," मिस्त्री पेन्सिल कानावर ठेवत म्हणाला. "तुम्ही वजन विचारता."

"रंग तुमच्या मनानं लावा."

शेवटी त्यांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. दोन दिवस खपून काढलेलं चित्र होतं. ओट्याच्या कोपऱ्यात एक उभं कपाट. अडीच फूट रुंद, दोन फूट खोल, साडेसहा फूट उंच. आत एकही फळी नाही. वरच्या बाजूला हवेला भोकं. कडी आतून. मिस्त्रीनं चिठ्ठी वाचली, बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी भिंतीकडे पाहिलं. त्यानं काही न विचारता कपाटाचा भाव सांगितला: अडतीस हजार, चांगल्या प्लायमध्ये.

बेरीज चार लाख अडतीसवर गेली. बाईंनी दगड हलका घेतला, चिमणी काढून टाकली, भिंतीच्या टाइल्स अर्ध्यावर आणल्या. कपाटाला हात लावला नाही. बेरीज चार लाखांवर येऊन टेकली तेव्हा त्यांना कित्येक दिवसांनी बरं वाटलं. मिस्त्री म्हणाला, नीट लिहून पाठवतो.

त्यानं ते बाईंच्या फोनवर पाठवलं. तो फोन दुपारी बाळच्या हातात असायचा, हे त्या बिचाऱ्याला कसं माहीत असणार?

शनिवारची दुपार होती. बाई भांडी विसळत होत्या. बाळ दारात येऊन उभा राहिला आणि दुकानदाराच्या सुरात वाचायला लागला. ओट्याखालचे बॉक्स इतके, शटर इतकी, बिजागऱ्या कंपनीच्या, दगड चौदा फूट, कड गोल. मध्येच म्हणाला, चार लाख आहेत होय गं तुझ्याकडे? गेल्या महिन्यात मित्राच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात भागीदारीला दोन मागितले तेव्हा नव्हते. बाई नळ बंद करून तशाच उभ्या राहिल्या. मग तो यादीतल्या उभ्या कपाटापाशी आला. वाचलं. पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात. आणि हसला.

"फळी नाही, भोकं आहेत, कडी आतून. कुणासाठी गं हे?"

"झाडू ठेवायला."

"झाडू आतून कडी लावून घेतो?"

तो ओरडला नाही. ओरडायचा तेव्हा कमी लागायचं. फोन त्यानं काळजीपूर्वक फ्रिजवर ठेवला. मग बाईंचे केस मानेपाशी मुठीत धरले आणि त्यांचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा. बाईंनी हात मध्ये घातले तेव्हा ते बाजूला करून दुसऱ्यांदा. डाव्या डोळ्यात काहीतरी गरम उतरलं आणि त्या डोळ्यानं दिसेनासं झालं. त्या खाली बसल्या. मग त्यानं सुतळीनं बांधलेल्या दाराला लाथ घातली, ते आत मोडून भांड्यांवर पडलं. पुढची लाथ बाईंच्या मांडीत बसली. त्यांनी गुडघे पोटाशी घेतले आणि डोकं हातांत घेतलं, जसं इतक्या वर्षांत शरीर आपोआप शिकलं होतं. लाथा मोजायची त्यांना सवय लागली होती. मोजत राहिलं की संपायची वाट बघता येते. सहा झाल्या.

मग तो थांबला. धापा टाकत फ्रिजकडे गेला, बर्फ टॉवेलात गुंडाळून घेऊन आला आणि आईशेजारी फरशीवर मांडी घालून बसला. टॉवेल त्यांच्या कपाळावर धरला. बराच वेळ धरून ठेवला, हात अवघडला तरी. त्याला रडू येत होतं. ते खरं असायचं, हेच अवघड होतं.

"करून घे ते कपाट," तो नाक ओढत म्हणाला. "पण कडी जाड सांग आई. ही मला एका लाथेची आहे."

सोमवारी बाई मिस्त्रीच्या कारखान्यात गेल्या. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, दारात करवतीचं टेबल आणि मागे भुशाचा ढीग. बाईंचा डोळा वांग्यासारखा झाला होता. मिस्त्रीनं मशीन बंद केलं, खुर्चीवरचा भुसा पुसला. बाईंनी बसायच्या आधीच विचारलं, जाड प्लायला किती जास्त लागतील? कडी लोखंडाची, हाताच्या बोटाएवढी, तिचे किती? दगड आणखी हलका घेता येईल. टाइल्स सगळ्याच काढून टाकू.

 मिस्त्री म्हणाला, कागदावर सांगून उपयोग नाही. कोपऱ्यात कुठल्याशा गिऱ्हाइकानं परत पाठवलेलं उभं कपाट होतं, बिनफळ्यांचं, वर हवेला भोकं असलेलं. त्यानं त्याला आधी ठरली होती तसली साधी कडी स्क्रूनं बसवली आणि म्हणाला, बाजूला व्हा, मी लाथ घालून दाखवतो. बाई बाजूला झाल्या नाहीत. दार उघडून आत गेल्या.

"ताई, हे काय?"

"बाहेरून बघून मला काय कळणार? घाला तुम्ही."

त्यांनी कडी लावली. आत अंधार, गोंदाचा वास, भोकांतून पडलेले उजेडाचे चार ठिपके. पाठ मागच्या फळीला टेकली. बाहेर मिस्त्री काहीतरी पुटपुटला. पंचावन्न वर्षांचा किडकिडीत माणूस. त्यानं पहिली लाथ घाबरतच घातली असणार, तरी आत ती छातीत बसली. दुसरीला कपाट मागे सरकलं. तिसरीला स्क्रू करकरले. चौथीला कडी उडून बाईंच्या ओठावर लागली आणि दार आत आलं. उजेडात मिस्त्री उभा होता, तोंड पांढरं पडलेलं. त्यांच्या ओठातलं रक्त बघून तो हात जोडायला लागला.

बाईंनी पदरानं ओठ दाबला. म्हणाल्या, आता जाड प्लायचं.

जाड प्लायचं तयार नव्हतं. त्यानं तासभर खपून एक जाड दार जुन्याच खोक्याला लावलं, लोखंडी कडी आरपार बोल्टनं बसवली. या वेळी त्यानं बाईंना आत जाऊ दिलं नाही, मागची फळी काढून तिकडून हात घालून कडी लावली. त्याच्या आठ लाथा झाल्या. आठवीला दार टिकलं, पण बिजागरीकडची बाजूच चिरत गेली. मिस्त्री करवतीच्या टेबलावर बसला आणि पाय चोळू लागला.

"बारा लाथा झेलेल असंही बनवीन," तो म्हणाला. "तो तरणा आहे, त्याच्या सहा धरा. म्हणजे मिनिटभर. ताई, त्या मिनिटात कोण येणार आहे?"

बाईंनी मनात एकेक मोजलं. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या गल्लीत उघडते. वरच्या काकूंचा टीव्ही दिवसभर मोठ्यानं. समोरच्या घरातला शिंपी मशीनवर. आणि आलंच कोणी, तर घराचं बाहेरचं दार बंद. इतके दिवस त्यांनी प्लाय, कडी, भोकं, सगळ्याचा हिशोब केला होता. जाडी वाढवली, कड गोल केली. पुढे काय, हे मांडलंच नव्हतं.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या.

"मग त्यात पैसे घालवू नका."

 शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता. मग बाईंनी पर्समधून तो चार लाखांचा कागद काढला, पालथा घातला आणि मिस्त्रीकडे पेन्सिल मागितली. विचारलं, आत ठेवायच्या माणसाला भिंत लागते तितकीच बाहेर ठेवायच्या माणसाला लागते का? मिस्त्रीला आधी कळलं नाही. कळल्यावर म्हणाला, बाहेरचं दार लोखंडी चौकटीत करता येतं, चौकट भिंतीत आठ ठिकाणी गाडून. तीन कड्या, नवं कुलूप. साधारण सत्तर हजार. दोन दिवसांचं काम. पण त्या दोन दिवसांत तो घरात नको.

नव्या स्वयंपाकघराचं एक बरं असतं. ते करायचं म्हटलं की घर सोडायला कोणालाही पटतं. बाईंनी त्या रात्रीच बाळला सांगितलं की तोडफोड आहे, महिनाभर धूळ, नळ बंद, मी तुझ्या ताईकडे जाऊन राहते, तू मित्राकडे खोली बघ. भाडं मी देते. आणि भागीदारीला दोन नाही, पण एक लाख देते. बाळनं त्यांना उचलून गरकन फिरवलं. त्याला दुकानाच्या पाटीचा रंग कुठला घ्यायचा ते सुचायला लागलं. बाईंच्या बरगड्या दुखत होत्या, त्या हसल्या. आपल्या कागदावर त्यांनी ते एक लाख तोडफोडीच्या खाली लिहिले.

तो बॅग घेऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रीची माणसं आली. जुनं स्वयंपाकघर आधी काढायचं ठरलं होतं, म्हणजे कोणी चौकशी केली तर खोटं ठरू नये. दोन गडी घण घेऊन ओट्यावर तुटून पडले. पहिला घाव पडला, दगड मधोमध फुटला, कपाटं आडवी झाली. बाईंनी स्वतः पैसे मोजून बोलावलेली माणसं ती, तरी शरीराला ते कळेना. थोड्या वेळानं मिस्त्री त्यांना शोधत आला तेव्हा त्या बाथरूममध्ये होत्या, आतून बंद. त्यानं बाहेरूनच सांगितलं, ताई, ओटा झाला, आता फक्त पोती भरतायत.

बाहेरचं दार तिसऱ्या दिवशी बसलं. करड्या रंगाचं, कुरूप, तिजोरीसारखं. समोरचा शिंपी बघायला आला आणि म्हणाला, काय बाई, सोनं सापडलं का भिंतीत? बाई म्हणाल्या, चोऱ्या वाढल्यात. त्या मुलीकडे गेल्या नाहीत. उघड्याबोडक्या स्वयंपाकघरात एका टेबलावर शेगडी मांडून त्या अंडी उकडायच्या, भात शिजवायच्या. भिंतींवर जुन्या कपाटांच्या जागी पांढरे चौकोन उरले होते. सतरा दिवस त्यांना कोणी हात लावला नाही.

अठराव्या दिवशी, चारच्या सुमाराला, कुलपात किल्ली घातल्याचा आवाज आला. फिरली नाही. पुन्हा घातली. मग बेल वाजली.

"आई, अगं चावी लागत नाहीये. आणि हे काय दार, बँक उघडलीस का?"

आवाजात हसू होतं. बाई बोळात उभ्या राहिल्या, दारापासून चार पावलांवर. तो म्हणाला, ताईला फोन केला, तू तिकडे गेलीच नाहीस म्हणे. म्हणाला, मित्रानं पैसे घेतले आणि आता बोलत नाही. म्हणाला, सकाळपासून काही खाल्लं नाही. आई, भूक लागलीय. बाईंचा हात वरच्या कडीपर्यंत गेला. गेल्याचं त्यांना दिसलं, त्यांनी तो मागे घेऊन काखेत धरला.

"तू आत आहेस. मला ऐकू येतंय तुझं."

मग पहिली लाथ बसली. दार हललं नाही, पण चौकटीवरून सिमेंटचा चुरा झडला. दुसरी. तिसरी. तो आता शिव्या देत होता, ज्या त्यानं फक्त स्वयंपाकघरात दिल्या होत्या, जिन्यात कधीच नाही. सातव्या लाथेला वरच्या काकूंचा टीव्ही बंद झाला. समोरचं शिलाई मशीन थांबलं. पावलं वाजली, दारं उघडली. आणि बाळचा आवाज एका श्वासात बदलला.

काही नाही काकू, तो म्हणत होता, नवीन दार आहे ना, अडकलंय, आई आत घाबरून गेलीय. काकू लगेच दारापाशी आल्या आणि बाहेरून समजावू लागल्या, अहो बाई, घाबरू नका, बाळच आहे, कडी काढा. शिंपी म्हणाला, खालची आधी काढा, मग वरची. त्यांच्या आवाजात इतकी माया होती की बाईंना वाटलं आपण वेड्या ठरणार. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं लिहून घेतली होती. हे वाक्य त्यांनी अजून कोणाला ऐकवलं नव्हतं.

"कडी काढणार नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तो मला मारतो. पाच वर्षं झाली, मारतो."

 काकू काहीतरी अर्धवट बोलल्या. मग शिंपी, जो कोणाशी वाकडं बोलत नसे, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाला, बाळ, तू जरा खाली चल माझ्याबरोबर. बाईंनी दारातल्या बघायच्या भोकाला डोळा लावला. शिंप्यानं त्याच्या दंडाला हात लावलेला दिसला. नुसता लावला होता. बाळनं त्याच्या गळ्याशी मूठ धरली, त्याला जिन्याच्या कठड्यावर आणून आपटलं, आणि त्याचं डोकं मागे खेचून पुन्हा आपटलं, अगदी तसंच, केस मानेपाशी धरून. शिंप्याच्या नाकातून रक्त उडालं ते काकूंच्या पातळावर. काकू किंचाळल्या. बाईंना त्या क्षणी कळलं की बाहेरून हे असं दिसतं. इतके दिवस त्यांना फक्त फरशी दिसली होती.

दार उघडून मध्ये पडावं असं वाटलं, पाय पुढे गेलेही. पण खालच्या मजल्यावरचे दोघं धावत वर आले होते, त्यांनी बाळला मागून धरलं. तो तिघांना लोळवेल असा होता, एकाच्या पोटात त्यानं कोपर घातलं, तरी त्याला पाडून दोघं त्याच्यावर बसले. काकूंनी पोलिसांना फोन लावला. बाईंनीही आतून लावला. पलीकडच्यानं विचारलं, मारणारा कोण? बाई म्हणाल्या, माझा मुलगा.

पोलीस यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ बाई बोळात जमिनीवर बसून होत्या. दारापलीकडे बाळ आधी धमक्या देत होता, मग रडत होता, मग नुसतं आई, आई म्हणत होता, लहानपणी ताप आला की म्हणायचा तसं. काकूंनी दाराला तोंड लावून विचारलं, आधी का नाही सांगितलंत? बाईंना एकाएकी राग आला. म्हणाल्या, तुमचा टीव्ही चालू असायचा.

मग जड बूट वर चढले, दोन-चार हुकूम झाले, बेड्यांचा आवाज झाला. कोणीतरी दारावर बोटांनी टकटक केली.

"बाई, पोलीस. धरलाय त्याला. उघडा आता, तुमचा जबाब घ्यायचाय."

बाई उठल्या.  त्यांनी खालच्या कडीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"त्याला आधी खाली न्या," त्या म्हणाल्या. "इमारतीच्या बाहेर न्या. त्याचं तोंड दिसलं तर मी जबाब देणार नाही."

बाहेर थोडी कुजबुज झाली. टकटक करणारा दाराशीच थांबला, बाकीची पावलं निघाली, एक जोडी फरफटत, दोन जोड्या तिला ढकलत. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर. तिथे तो पुन्हा ओरडला, आईचं नाव घेऊन, जे त्यानं आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. दुसऱ्यावरून पहिल्यावर. खालचं फाटक करकरलं. गाडीचं दार लागलं. गाडी सुरू होऊन कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी खालची कडी काढली, मग मधली, मग वरची.